परग्रहावरचा नवा ब्रह्मदेव

गेल्या वर्षावासात एका बुद्धविहारात मला प्रवचनासाठी बोलावले होते. विषय होता ‘धम्म आणि विज्ञाननिष्ठा’. देव, दैव, नवस, मुहूर्त या सगळ्यांचा यथास्थित समाचार घेऊन मी खाली बसलो. टाळ्या झाल्या. मग प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि बारावीत शिकणारा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, देवानं माणूस घडवला नाही, हे पटलं. पण परग्रहावरच्या लोकांनी प्रयोग म्हणून घडवला असेल तर? आपण त्यांच्या प्रयोगशाळेतले उंदीर असू तर?” विहारात हशा पिकला. मीही हसलो. “आधी बारावीचा अभ्यास कर बाळा,” असे काहीतरी बोलून पुढचा प्रश्न घेतला.

घरी आल्यावर ते हसणे मलाच बोचू लागले. ज्या व्यवस्थेने हजारो वर्षे आमचे प्रश्न हसून उडवले, आणि हसून भागले नाही तेव्हा हाणून दाबले, तिचीच रीत मी भर विहारात वापरली होती. तो मुलगा उनाडपणे बोलत नव्हता. देव सोडल्यावर ती खुर्ची रिकामी राहते आणि तिच्यावर कोणाला बसवायचे, असा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मी लागतो. उशिरा का होईना, ते इथे देत आहे.

पहिली गोष्ट ही की, ही कल्पना त्या मुलाच्या डोक्यातून निघालेली नाही. ती पन्नास-साठ वर्षे बाजारात आहे. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाचे जर्मन पुस्तक निघाले. प्राचीन लोक ज्यांना देव म्हणत, ते दुसऱ्या ग्रहावरून आलेले अंतराळवीर होते, असा त्याचा दावा. पुस्तक जगभर खपले. १९७६ साली झेकारिया सिचिन यांनी त्यापुढची मजल मारली. निबिरू नावाच्या ग्रहावरून अनुन्नाकी नावाचे लोक सोने खणायला पृथ्वीवर आले, खाणीतल्या कामाला ते कंटाळले, म्हणून त्यांनी इथल्या वानरमानवाच्या बीजात आपले बीज मिसळून मजूर तयार केला, तो मजूर म्हणजे आपण! पुढे दूरचित्रवाणीवर यावर मालिका निघाल्या आणि आता मोबाईलवर रात्रंदिवस हेच वाजत असते.

या गोष्टीची मोहिनी कशात आहे? तिच्यात देव नाही, पण देवाची सोय आहे. यान आहे, प्रयोगशाळा आहे, डीएनए आहे, त्यामुळे ती ऐकताना आपण विज्ञान ऐकतो आहोत असे वाटते. मंदिराच्या पायऱ्या न चढता मंदिरात जाऊन आल्याचे समाधान!

आता साध्या तर्काने सुरुवात करू. माणसाला परग्रहवासीयांनी घडवले म्हणता, तर परग्रहवासीयांना कोणी घडवले? त्यांना आणखी कोणी घडवले असेल तर त्या कोणाला कोणी घडवले? ही साखळी कुठेच संपत नाही. आणि ते आपल्या ग्रहावर हळूहळू, निसर्गाच्या क्रमाने उत्क्रांत झाले असे म्हणत असाल, तर जे तिथे घडू शकते ते इथे घडायला काय हरकत होती? म्हणजे उत्क्रांती मानावीच लागते, फक्त ती दूरच्या ग्रहावर नेऊन मानायची! ईश्वराविरुद्ध जो युक्तिवाद आपण करतो, तोच इथेही शब्दश: लागू पडतो. नाव बदलल्याने ब्रह्मदेव बदलत नाही.

तर्क सोडा, पुरावा पाहू. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे. जीवसृष्टीच्या खुणा साडेतीनशे कोटी वर्षांपलीकडे जातात. १९७४ साली इथिओपियात सापडलेली ‘लूसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालत होती, पण तिचा मेंदू लहान होता. आपल्या जातीच्या, म्हणजे होमो सेपियन्सच्या, सर्वांत जुन्या ज्ञात अवशेषांपैकी मोरोक्कोतले जेबेल इरहूदचे अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. मधल्या काळातल्या अनेक कड्या आफ्रिकेच्या मातीतून निघाल्या आहेत. एका रात्रीत प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला माणूस असता, तर या कड्या कशाला सापडल्या असत्या?

आणि आपले शरीर तर चालताबोलता पुरावा आहे. बहुतेक सस्तन प्राणी ‘क’ जीवनसत्त्व स्वत:च्या शरीरात तयार करतात. आपल्याला ते करता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे जनुक आपल्यात मोडक्या अवस्थेत पडून आहे. चिंपांझी, गोरिला आणि माकडांतही ते तसेच मोडलेले आहे. एवढ्या हुशार प्रयोगकर्त्याने आपल्या नव्या यंत्रात जुन्या यंत्राचा बिघडलेला भाग तसाच का ठेवला? वारशाने मिळालेले घर असेल तर त्यातली गळकी कौलेही वारशाने मिळतात, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

काही जण म्हणतात, वानरांची गुणसूत्रे ४८ आणि माणसाची ४६, म्हणजे कोणीतरी हात घातला! दोन गुणसूत्रे जोडली जाऊन माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र झाले, हे खरे आहे. पण अशी जोडणी निसर्गात होतच असते. आपल्या सह्याद्रीतले भेकर घ्या. त्याच्या मादीत गुणसूत्रे फक्त ६, नरात ७, आणि चीनमधल्या त्याच्या सख्ख्या भावंडात ४६! भेकरावर प्रयोग करायला कोणते यान आले होते?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पृथ्वीबाहेर जीवन असू शकते का, हा प्रश्न थट्टेचा नाही. सूर्याबाहेरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ६००० हून अधिक ग्रह आजवर सापडले आहेत. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक असलेले फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी १९७३ साली असा विचार मांडला होता, की पृथ्वीवरचे आद्य सूक्ष्मजीव दुसरीकडच्या बुद्धिमान प्राण्यांनी पाठवलेले असू शकतील. पण ते सूक्ष्मजीवांबद्दल बोलत होते, माणसाबद्दल नव्हे. आणि ही शक्यता किती, हे सांगण्याइतका पुरावा नाही, अशी कबुली त्यांनी त्याच लेखात दिली.

आपले डॉ. जयंत नारळीकर यांनीही या प्रश्नावर काम केले. २००१ आणि २००५ साली हैदराबादहून मोठे फुगे सोडून सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले. २००५ च्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. तरीही हे जीवाणू बाहेरूनच आले असे यातून निश्चितपणे सिद्ध होत नाही, हे त्या वेळीच जाहीर करण्यात आले. २०२३ साली बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीत अमिनो आम्ले सापडली. जीवनाची कच्ची वीट अवकाशातही तयार होते, एवढे त्यातून कळले. वीट सापडली म्हणून गवंडी सापडला असे वैज्ञानिक म्हणत नाहीत. हा संयम म्हणजेच विज्ञाननिष्ठा. ‘असू शकेल’ आणि ‘आहे’ यांतले अंतर जो ओलांडत नाही तो शोधक, आणि जो ते एका उडीत पार करून पुस्तक विकतो तो बुवा, मग त्याने भगवे नेसलेले असो वा कोट घातलेला असो.

आता सिचिन यांच्या गोष्टीचे मूळ पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. ती गोष्ट त्यांनी मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मातीच्या विटांवर कोरलेल्या कथांवरून रचली. त्या लिपीचे अभ्यासक त्यांचा अर्थ मान्य करत नाहीत. पण मूळ कथा खरोखर आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. साडेतीन हजार वर्षांहून जुने ‘अत्राहासिस’ नावाचे ते काव्य. त्यात सुरुवातीला माणूस नाही, फक्त देव आहेत, आणि देवांतही दोन वर्ग आहेत. खालच्या देवांनी कालवे खणायचे, वरच्या देवांनी बसून खायचे. शेवटी खालचे देव वैतागतात, आपली अवजारे जाळून टाकतात आणि रात्री एन्लिल या मोठ्या देवाच्या घराला घेराव घालतात. जगाच्या वाङ्मयातला हा पहिल्या संपांपैकी एक संप! मग वरचे देव तोडगा काढतात. एका देवाला मारून त्याच्या रक्तामांसात माती कालवतात आणि माणूस तयार करतात. कशासाठी? देवांचे कष्ट त्याने उपसावेत म्हणून. पुढे माणसे वाढली, त्यांचा गलका वाढला, एन्लिलची झोपमोड होऊ लागली, म्हणून त्याने रोगराई, दुष्काळ आणि शेवटी महापूर पाठवला.

चळवळीच्या वाचकाला ही कथा ओळखीची वाटली असेल. कष्टकरी हा मुळातच कष्टासाठी घडवला गेला, त्याचा आवाज मालकाला खुपतो, आणि तो फार वाढला की त्याला बुडवण्याचा अधिकार मालकाला असतो. ही कथा कोणाच्या फायद्याची? त्या काळी तिथल्या देवळांच्या मालकीच्या जमिनी होत्या, कालवे होते, आणि ते खणायला माणसे लागत होती. विटांवर लिहिणारा लेखनिक कालवा खणत नव्हता.

आपल्याकडचे पुरुषसूक्त यापेक्षा वेगळे काय सांगते? तिथे मुख, बाहू, मांड्या आणि पाय आहेत. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘हू वेअर द शूद्राज?’ मध्ये या सूक्ताची चिरफाड केली. समाजात जे माणसांनी लादले होते, त्यावर सृष्टीच्या उत्पत्तीचे शिक्कामोर्तब कसे झाले, हे त्यांनी दाखवले. त्याआधी १८७३ साली ‘गुलामगिरी’त जोतीराव फुल्यांनी ब्रह्मदेवाच्या बाळंतपणाचे असे काही प्रश्न विचारले, की आजही ते वाचताना हसू आवरत नाही. आणि त्याही आधी अग्गञ्ञ सुत्तात तथागतांनी वासेट्ठाला सांगितले होते, की ब्राह्मण स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, बाळंत होतात, मुलांना दूध पाजतात, मग ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याची गोष्ट कशाला? हा इतिहास माहीत असलेल्या समाजाच्या मुलाने, ‘मजूर म्हणून घडवलेला माणूस’ ही कथा केवळ तिच्यात यान आहे म्हणून गिळावी काय?

दुसरा मुद्दा श्रेयाच्या चोरीचा आहे. डॅनिकेनपंथीयांचे आवडते उदाहरण म्हणजे इजिप्तचे पिरॅमिड. सुमारे २३ लाख दगडांची रास त्या काळच्या माणसाला कशी रचता येईल, असे ते विचारतात. याचे उत्तर गिझाच्या वाळूतच मिळाले. १९९० साली पिरॅमिडजवळ कामगारांच्या कबरी सापडल्या. त्यांच्या हाडांवर ओझ्याने झिजलेल्या मणक्यांच्या आणि मोडून पुन्हा जुळलेल्या अवयवांच्या खुणा आहेत. त्यांची वस्ती सापडली, पाव भाजण्याच्या भट्ट्या सापडल्या. दगडांवर टोळ्यांनी आपापली नावे लिहून ठेवली आहेत, त्यांतली एक टोळी स्वत:ला राजाचे ‘मद्यपी’ म्हणवून घेते! २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. तुरा येथील चुनखडीचे दगड नावेतून गिझाला नेल्याची नोंद त्याने दिवसांच्या हिशोबाने ठेवली आहे. एवढे सगळे समोर असताना ‘परग्रहवासीयांनी बांधले’ म्हणणे म्हणजे मेरेरच्या टोळीची मजुरी दुसऱ्यांदा बुडवणे.

आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी वास्तूंचे तेच झाले. काळ्या माणसांना असे बांधता येणारच नाही, असे गोऱ्या वसाहतवाद्यांनी ठरवून टाकले होते. कोणी शेबाच्या राणीचे नाव घेतले, कोणी फिनिशियनांचे. १९०५ आणि १९२९ साली पुरातत्त्वज्ञांनी, ही वास्तू तिथल्याच आफ्रिकी लोकांची आहे, असे स्पष्ट सांगितले. तरी ऱ्होडेशियाचे गोरे सरकार ते मानायला तयार नव्हते. ते राज्य गेले, आणि १९८० साली स्वतंत्र झालेल्या देशाने त्या वास्तूचेच नाव धारण केले. तिथे परग्रहवासी नव्हते, पण खेळी तीच होती. ज्याने बांधले त्याच्या हातून ते काढून घ्यायचे.

आणि आपल्याकडे? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक आजही ‘पांडवलेणी’ म्हणतात. कुठलेही जुने लेणे दाखवा, ‘पांडवांनी एका रात्रीत कोरले’ हे उत्तर ठरलेले. आता त्यात भर पडली आहे. वेरूळचे कैलास लेणे परग्रहवासीयांनी यंत्राने कोरले, अशा चित्रफिती फिरत असतात. या मंडळींनी अजिंठ्याचे अर्धवट राहिलेले २४ क्रमांकाचे लेणे एकदा जाऊन पाहावे. काम कुठून सुरू होई, खांब आधी ढोबळ कसा काढत, छिन्नीचे घाव कसे पडत, हे सारे तिथे दिसते. पुरे झालेले लेणे चमत्कार वाटते, अपुरे लेणे मात्र खरे सांगते.

तेव्हा पांडवांची कथा, विमानविद्येची कथा आणि परग्रहवासीयांची कथा ही एकाच गोत्राची भावंडे आहेत. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले. तरी २०१५ साली मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. २०१८ साली औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री, डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, असे बोलून गेले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना त्याविरुद्ध निवेदन काढावे लागले. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. ज्या वयात मूल ‘मी कुठून आलो?’ हे विचारते, त्याच वयात त्याच्या हातातून उत्तराचे पान काढून घ्यायचे, आणि मग त्याने मोबाईलमध्ये परग्रहवासी शोधले की त्याला हसायचे! त्या दिवशी हसताना मी या कारस्थानाचा नकळत भागीदार झालो होतो.

राहिला ‘प्रयोग’ हा शब्द. आपण कोणाच्या तरी प्रयोगातले उंदीर आहोत, ही कल्पना पोटभर जेवलेल्या माणसाला रम्य वाटू शकते. पण माणसांवर खरेच प्रयोग झाले आहेत, आणि ते माणसांनीच केले आहेत. अमेरिकेतल्या टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने शेकडो गरीब काळ्या पुरुषांवर प्रयोग केला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. रोग वाढत कसा जातो हे पाहण्यासाठी त्यांना खरा रोग सांगितला नाही. पेनिसिलिन हे हमखास औषध मिळू लागल्यावरही ते दिले नाही. त्या बदल्यात जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च! या प्रयोगासाठी माणसे कोणती निवडली, हे पाहा. प्रयोग नेहमी त्याच्यावर होतो, ज्याला आधीच अर्धा माणूस ठरवलेले असते.

आपल्या देशातही असा एक प्रयोग दोन हजार वर्षे चालला. माणसांचे गट पाडून त्यांना कुंपणात ठेवायचे, कुंपणाबाहेर लग्न होऊ द्यायचे नाही, कोणी काय खावे, काय शिकावे, कुठे पाणी भरावे हे ठरवून द्यायचे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचून सांगितले, की जातीची किल्ली गटांतर्गत विवाहात आहे. जात आकाशातून पडलेली नाही, ती माणसांनी अशा अशा पद्धतीने बांधली, हे त्यांनी पायरीपायरीने दाखवले. यात केवढी आशा आहे, ते लक्षात घ्या. जे देवाने किंवा परग्रहवासीयाने केले, त्यापुढे हात जोडण्याखेरीज इलाज नसतो. जे माणसाने केले, ते माणसाला मोडता येते.

म्हणून घडवणाऱ्याचा शोध घेताना एक कसोटी लावावी. मालुंक्यपुत्ताला तथागतांनी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. बाण मारणारा कोण, त्याचा वर्ण कोणता, उंची किती, धनुष्य कसले, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असे म्हणणारा माणूस उत्तर मिळण्याआधीच मरेल. याचा अर्थ प्रश्न विचारू नका असा कोणी काढू नये. आपण कुठून आलो हे जरूर शोधा, दुर्बिणीतून शोधा, सूक्ष्मदर्शकातून शोधा. पण जे उत्तर तपासताच येत नाही आणि ज्याने कोणाचेही दु:ख तसूभर कमी होत नाही, त्याच्यापायी आयुष्य गहाण टाकू नका. कालामांनाही तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. आज त्यात ‘पडद्यावर दिसले म्हणून’ एवढे जोडावे.

परवा त्या मुलाला आणि अभ्यासिकेतल्या आणखी चार-पाच जणांना घेऊन मी कार्ल्याच्या लेण्यावर गेलो. आधी विहारातल्या हसण्याबद्दल त्याची माफी मागितली. तो लाजला. मग त्याला सांगितले, की या लेण्याच्या शिलालेखांत धेनुकाकट येथील सामी नावाच्या एका सुताराचा उल्लेख आहे. दाराचे काम त्याचे. राजाचे नाव पुसले जाते अशा जगात एका सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले आहे. मुलगा बराच वेळ वर बघत राहिला. मग विचारले, “सर, धेनुकाकट म्हणजे आत्ताचं कोणतं गाव? आणि या सामीला मजुरी किती मिळाली असेल?”

हे प्रश्न शोधण्यासारखे आहेत. आता मी हसलो नाही.